पाणी किती फुटावर आहे?

(आपल्या शाळेच्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. घाईत बोलायचे राहिलेले एक-दोन तपशील लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजन समितीने मला 'अवकाश तंत्रज्ञान आणि सामान्य माणूस' असा विषय दिला, वीस मिनिटं दिली, आणि वर 'भावा, तांबडा-पांढरा निवला तर जबाबदारी तुझी' असा दमही दिला. त्यामुळे चंद्र, मंगळ वगैरे सगळं सोडून देतो. मी पंचगंगेपुरतंच बोलणार आहे.

सुरुवात मात्र वर्गातून करतो. १९८४ चा एप्रिल. आपण नववीत. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. राकेश शर्मा सोयूझ यानातून अवकाशात गेल्याची बातमी पेपरात आली आणि विज्ञानाच्या तासाला सरांनी अभ्यासक्रम बाजूला ठेवून फळ्यावर ते यान काढायला घेतलं. तेवढ्यात मुलींच्या शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ते वर गेले ते चांगलंच झालं. पण आमच्या गावाला त्याचा उपयोग काय?" प्रश्न विचारणारी आपली मैत्रीण नदीपलीकडून यायची. पावसाळ्यात पुलावर पाणी आलं की आठ-आठ दिवस तिची गैरहजेरी लागायची, हे तुम्हाला आठवत असेल. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. मला उत्तर येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर येऊन सांगा."

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. एक्केचाळीस वर्षं उशीर झाला, पण गृहपाठ आणला आहे.

गंमत अशी, की सरांनी आम्हाला सांगितलं त्याच वेळी या प्रश्नाचं उत्तर देणं हेच ज्यांचं काम होतं असे गृहस्थ कोल्हापुरात जन्मलेले होते. डॉ. एकनाथ वसंत चिटणीस. जन्म १९२५, कोल्हापूर. विक्रम साराभाईंच्या अगदी सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी एक. केरळच्या किनाऱ्यावर थुंबाची जागा शोधण्यापासून ते साराभाईंबरोबर होते. त्या थुंब्यावरून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं अग्निबाण-उड्डाण झालं. आणि १९८४ मध्ये चिटणीस अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्राचे संचालक होते. नाव ऐकलंत ना? संस्थेच्या नावातच 'उपयोग' आहे! शंभर वर्षांचं आयुष्य पुरं करून ते २०२५ मध्ये गेले. आपल्या गावात त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे, हे मी विचारत नाही, कारण मलाही ते नोकरीला लागल्यावर कळलं.

त्यांच्याकडे ज्या कामाची सूत्रं होती त्याचं नाव 'साइट'. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतलेला, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत एकेक सामुदायिक टीव्ही. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारच्या कर्नाटकातला विजापूर-गुलबर्गा-रायचूर हा भाग होता. छपरावर किंवा अंगणात दहा फुटी छत्री, आणि ती छत्री कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती आणि आरोग्य. म्हणजे मुंबई-पुण्याबाहेर टीव्ही हा शब्द आपल्याकडे नवलाईचा होता तेव्हा तिकडच्या खेड्यातला शेतकरी उपग्रहावरून आलेला कार्यक्रम कन्नडमध्ये बघत होता. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, आणि पडदे काळे झाले. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी स्थिरावला आणि त्यानंतर गावोगाव प्रक्षेपण मनोरे उभे राहिले, तो इतिहास आपण रविवारच्या सिनेमाच्या रूपाने जगलोच आहोत.

आता नदीकडे येतो.

जुलै लागला, सलग तीन दिवस पाऊस झाला, की कोल्हापुरात माणूस माणसाला 'बरं आहे का' विचारत नाही. विचारतो, "पाणी किती फुटावर आहे?" राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीबद्दल हे चाललेलं असतं हे बाहेरच्याला कळत नाही. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५५ च्या पुढे गेला. २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या पुढे. त्या दोन्ही वेळी आपल्यातले कितीतरी जण पाण्यात होते. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि शहराचं बेट झालं, ते सांगायची गरज नाही.

मी त्या वेळी पुण्यात होतो. उपग्रहचित्रं वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण २०१९ ला जे केलं ते नोकरीचा भाग म्हणून नाही, घरच्या काळजीपोटी. थोरले काका, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, आंबेवाडीला असतात. रात्री घरच्या संगणकावर युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं ताजं चित्र उतरवून घेतलं. ही चित्रं कुणालाही फुकट मिळतात. पंचगंगेचा काळा पट्टा चारही बाजूंना पसरलेला दिसत होता. तात्यांचं घर आणि मागचा ऊस मात्र चित्रात उजळ. माझ्या हिशेबाने कोरडा. सुटकेचा निःश्वास टाकला आणि फोन लावला. चार वेळा लावल्यावर लागला.

"तात्या, तुमच्याकडं पाणी आलेलं दिसत नाही."

पलीकडून आवाज आला, "आरं, मी माळ्यावर बसलोय. खाली गळ्याइतकं पाणी हाय. तुझ्या त्या उपग्रहाला म्हणावं, खाली उतरून बघ."

तात्यांना दुसऱ्या दिवशी बोटीने बाहेर काढलं. जनावरं आधीच सोनतळीला नेली होती म्हणून वाचली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. चूक उपग्रहाची नव्हती, चित्र वाचणाऱ्याची होती. ती कशी झाली हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या विषयाची गोम तिथे आहे.

ऑगस्टमध्ये कोल्हापूरवर ढग असतात. साधा कॅमेरा असलेला उपग्रह वरून जातो तेव्हा त्याला ढगांची पांढरी पाठ दिसते, खालचा पूर दिसत नाही. म्हणून पुराला रडारचा उपग्रह लागतो. तो स्वतः सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. त्याला ढग आणि अंधार यांची अडचण नसते. आता रात्री रंकाळ्यावर जाऊन पाण्यावर तिरकी टॉर्च मारा. पाणी स्थिर असेल तर उजेड पलीकडे निसटतो, तुमच्या डोळ्याला पाणी काळं दिसतं. रडारला मोकळं पाणी असंच काळं दिसतं. पण पाण्याच्या कडेला भिंत असेल तर? उजेड पाण्यावरून उडून भिंतीवर आपटतो आणि थेट तुमच्याकडे परत येतो. उभ्या भिंती, उसाच्या उभ्या कांड्या हेच करतात. शिवाय सेंटिनेलची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर लांबीची. दहा-बारा फूट वाढलेल्या उसाच्या पाल्यातच ती अडकते. खाली कमरेइतकं पाणी असलं तरी वरून दिसतो तो ऊसच.

आणि आपल्याकडे नदीकाठाला दुसरं आहे काय? करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, नुसता ऊस. म्हणजे पुराचं क्षेत्र वरून मोजायचं म्हटलं, तर जगातल्या अवघड जागांपैकी एक आपल्या दारात आहे. बिहारच्या भातखाचरात किंवा आसामच्या सपाट कुरणात जे चित्र सरळ वाचता येतं, ते शिरोळला फसवतं.

हे फक्त तांत्रिक दुखणं नाही. उसाच्या पोंग्यात गाळ बसला आणि पाणी काही दिवस हललं नाही, की ऊस कुजतो. बाहेरून हिरवा, आतून गेलेला. नकाशात तो 'कोरडा' असेल आणि पंचनाम्याला येणाऱ्याने बांधावरूनच नजर टाकली, तर त्या शेतकऱ्याचं वर्ष गेलं. याला उताराही अवकाशातूनच आहे. पाऊस सरला, आकाश उघडलं, की साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह कामाला येतात. जिवंत पान डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, मेलेलं पान तसं परतवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या चित्रात कुजलेला ऊस निरोग्या उसापासून वेगळा पडतो. साखर कारखान्यांची 'इस्मा' ही देशपातळीवरची संघटना दर हंगामाचा उसाचा अंदाज बांधताना उपग्रहचित्रांचाच आधार घेते. तेच तंत्र नुकसान मोजायलाही चालतं. पहिल्या चित्रावर थांबायचं नाही, दुसरं येईपर्यंत धीर धरायचा, एवढंच.

इथे कुणी विचारेल, की मग आधी सांगता येत नाही का? पूर येणार हे उपग्रहाने आधीच सांगायला नको? ओडिशात सांगितलं की. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा उपग्रहावरून वादळाची वाट दिवसेंदिवस दिसत होती, लाखो लोक वेळेत हलवले गेले, आणि मृत्यूंचा आकडा शंभराच्याही खूप खाली राहिला. अवकाश तंत्रज्ञानाचा यापेक्षा मोठा उपयोग मला माहीत नाही.

पण वादळ शेकडो किलोमीटरचं असतं आणि समुद्रावरून चालत येतं. आपला पाऊस सह्याद्रीच्या धारेवर जन्मतो. इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून दर अर्ध्या तासाला ढगांचं चित्र पाठवतात. ढगाचा माथा जितका थंड तितका तो उंच, आणि जितका उंच तितका पाऊस जास्त, असा ढोबळ हिशेब असतो. घाटात हा हिशेब चुकतो. गगनबावड्याला बुटके, कमी उंचीचे ढगही दिवसभर कोसळत राहतात. वरून बघणाऱ्याला वाटतं साधा ढग आहे, आणि खाली राधानगरी भरत आलेलं असतं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात. एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत. दरवाजा कुणाला विचारत नाही.

म्हणून घाटात जमिनीवरचं पर्जन्यमापक लागतंच. आणि त्या मापकाचा आकडा वेळेत खाली यायला लागतो. जिथे मोबाइलला रेंज नसते अशा जंगलातल्या केंद्रांसाठी इन्सॅटवर एक खास सोय आहे. मापक आपला आकडा उपग्रहाकडे वर पाठवतं आणि उपग्रह तो नियंत्रण कक्षात उतरवतो. याची बातमी कधी होत नाही. त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही ना! माझ्या मते मात्र, आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर उपग्रहाचं सगळ्यात मोलाचं काम हेच, की आपल्याच डोंगरातला आकडा आपल्याच गावात वेळेवर पोचवणं.

जाता जाता एक सांगतो. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथलं रडार बरीच वर्षं वातावरणाच्या वरच्या थरांकडे डोळे लावून आहे. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे सूर्यास्तानंतर वरच्या थरांत विद्युतभारित कण विरळ झालेले बुडबुडे उठतात आणि जीपीएसचे संदेश त्यातून येताना अडखळतात. ते अभ्यासायला कोल्हापूर ही सोयीची जागा. विद्यापीठात फिरायला जाणाऱ्या आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते केंद्र कुठे आहे हे माहीत नसेल. पुढच्या रविवारी शोधा.

आता एक तुलना. भूतान हा देश लोकसंख्येने आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच आहे. २०११ च्या जनगणनेत आपण अडतीस लाखांच्या पुढे होतो. ते जेमतेम साडेसात-आठ लाख. त्यांना आपलं रॉकेट, आपला तळ परवडणार नाही. पण भारताने २०१७ मध्ये सोडलेल्या दक्षिण आशिया उपग्रहात त्यांना वाटा मिळाला, त्यांच्या अभियंत्यांनी भारतीयांबरोबर बसून एक छोटा उपग्रह घडवला, आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला तो श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची चित्रं स्वतः वाचायची, आपली जंगलं, आपल्या नद्या बघायच्या, हा त्यामागचा हेतू होता. आपत्तीत तर लहान-मोठा भेदच राहत नाही. मोठ्या आपत्तींसाठी अवकाश संस्थांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय करार केला आहे. इस्रोही त्यात आहे. एखाद्या देशाने हाक दिली, की सगळ्यांचे उपग्रह त्या जागेकडे वळवून चित्रं विनामूल्य दिली जातात. मला भूतानचं कौतुक यासाठी वाटतं, की त्यांनी उपग्रहाआधी चित्र वाचणारी माणसं तयार करायला घेतली. साडेसात लाखांचा देश हे करू शकतो, तर अडतीस लाखांच्या जिल्ह्यात स्वतःच्या नदीचं चित्र वाचणारी पन्नास माणसं असू नयेत?

२०२५ मध्ये ३० जुलैला 'निसार' गेला. इस्रो आणि नासा दोघांचा मिळून. बारा मीटरची छत्री, आणि दोन रडारं. त्यातल्या एकाची लहर सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीची. आता सेंटिनेलची साडेपाच आठवा. ही लांब लहर उसाच्या पाल्यातून बरीच खाली उतरते. ऊस उभा असतानाही त्याच्या बुडाशी पाणी आहे का, हे ओळखण्याची पहिली खरी संधी आपल्याला मिळते आहे. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवरून जाईल, आणि चित्रं सर्वांना खुली असतील. तात्यांना मी फोन करून सांगितलं, की उपग्रह आता खाली उतरून बघणार आहे. ते म्हणाले, "बघू दे. पावसाळ्यात बोलू."

तात्यांचा संशय रास्त आहे. उसाखाली पाणी असताना रडारचा संदेश नेमका कसा बदलतो, हे कुणीतरी जमिनीवरून पडताळून द्यावं लागेल. आणि दुसरं, उपग्रह पाणी कुठपर्यंत पसरलं ते दाखवतो, किती खोल होतं ते दाखवत नाही. खोलीसाठी जमिनीची उंची माहीत हवी. उपग्रहावरून काढलेल्या उंचीच्या नकाशात काही मीटरची चूक असते. डोंगरात ती चालून जाते. शिरोळसारख्या सपाट भागात एक मीटर इकडचं तिकडे झालं तर अख्खं गाव पुरात जातं किंवा पुरातून सुटतं, अर्थात कागदावर. राजाराम बंधाऱ्याचा आकडा एका जागेचा आहे. ५६ फूट म्हणजे तुमच्या गल्लीत किती, हे त्यावरून कळत नाही.

ते तुमच्या भिंतीला माहीत आहे.

म्हणून माझी एक मागणी आहे. आपल्या तुकडीतले निदान तीस-चाळीस जण पूररेषेच्या आत राहतात किंवा त्यांचं मूळ घर, दुकान, शेतघर तिथे आहे. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची ओल, गाळाची रेघ, पेन्सिलची खूण अजून भिंतीवर असेल तर घर रंगवण्याआधी तिचा फोटो काढा. शेजारी टेप धरा, जमिनीपासून किती इंच ते दिसू दे. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, म्हणजे जागा फोटोतच नोंदली जाईल. पाणी कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता तिथवर चढलं हे आठवत असेल तर लिहा, नसेल तर अंदाज करू नका, कोरं सोडा. शेत असेल तर ऊस केवढा होता आणि पोंगा बुडाला होता का, एवढं सांगा. सगळे फोटो आपल्या व्हॉट्सॲप गटावर 'डॉक्युमेंट' म्हणून टाका, साधा फोटो म्हणून टाकला तर जागेची नोंद गळून जाते. मी ते जुन्या रडार चित्रांशेजारी ठेवून बसणार आहे. काम तीन-चार महिन्यांचं आहे, आणि पावसाळ्याआधी व्हायला हवं. निवृत्त झालेल्यांनी पुढे यावं, संगणकाचं मी शिकवतो.

काल रात्री गटावर याबद्दल नुसतं सुतोवाच केलं होतं. पहिला फोटो साडेदहाला आला. नदीपलीकडच्या एका जुन्या घराची सागवानी चौकट. तिच्यावर खिळ्याने कोरलेल्या तीन रेघा आणि प्रत्येकीपुढे साल: २००५, २०१९, २०२१. शेजारी शिवणकामाची टेप धरलेली. पाठवणारी मुलींच्या शेवटच्या बाकावरची. खाली तिने लिहिलं होतं, "अजून एक १९८९ ची आहे, पण ती चौकटीच्या मागच्या बाजूला आहे. सकाळी उजेडात काढते."